विश्लेषण : इंजिन बाहेरून कोरडे, तरी कूलंट कमी! बोटीतील बारीक गळती शोधायची कशी?

पहाटे जेटीवरून बोट सुटण्यापूर्वी इंजिनाच्या वरच्या टाकीचे झाकण उघडायचे, पातळी खाली दिसली की तांब्याभर पाणी ओतायचे, झाकण फिरवायचे आणि स्टार्टर मारायचा. ‘एवढे तर जातेच’ असे म्हणत आठवडे निघून जातात. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची यांत्रिक मासेमारीला बंदी असते आणि इंजिनाची कामे बहुतेक त्याच काळात उरकली जातात. पण बारीक गळती उघड होते ती बंदी संपल्यावर, बोट पाण्यात उतरून इंजिनावर तासन् तास भार पडू लागला की. तेव्हा बोट किनाऱ्यापासून दूर असते आणि मेकॅनिक किनाऱ्यावर.

मोठी गळती स्वतःच ओरडून सांगते. पाइप फुटला की वाफ दिसते, पाणी उडते, इंजिन बंद करावे लागते. रोज पेलाभर कूलंट खाणारी गळती मात्र दिसत नाही. ती शोधताना बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात : कूलंट कुठून जाते? त्याआधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे : ते कधी जाते?

बोटीच्या इंजिनात पाणी दोन प्रकारचे का?

ट्रकच्या इंजिनातील कूलंट रेडिएटरमध्ये वाऱ्याने थंड होते. बोटीत इंजिन तळाशी बंद खोलीत असते, तिथे वारा नाही. पण भोवती समुद्र आहे. म्हणून इंजिनात फिरणारे कूलंट समुद्राच्या पाण्याने थंड केले जाते. खारे पाणी थेट इंजिनात सोडले तर ते लोखंड आणि ॲल्युमिनियम दोन्ही खाऊन टाकते. त्यामुळे बहुतेक बोटींत दोन वेगळे मार्ग असतात. एक बंद मार्ग, त्यात गोडे पाणी आणि कूलंट यांचे मिश्रण. दुसरा उघडा मार्ग, त्यात पंपाने आत घेतलेले आणि पुन्हा बाहेर टाकलेले समुद्राचे पाणी. दोन्ही मार्ग हीट एक्स्चेंजरमध्ये भेटतात. तिथे बारीक नळ्यांचा जुडगा असतो. नळ्यांच्या आतून एक पाणी, बाहेरून दुसरे. मध्ये फक्त नळीची पातळ भिंत.

काही बोटींत एक्स्चेंजरऐवजी बोटीच्या तळाला बाहेरून पाइप बसवलेले असतात आणि कूलंट त्यांतूनच फिरवले जाते. याला कील कूलिंग म्हणतात. तिथे तर कूलंट आणि समुद्र यांच्यामध्ये फक्त त्या पाइपाची जाडी असते.

मोटारीची गळती शोधायला खाली वाकून जमिनीवरचा डाग पाहता येतो. बोटीत ती सोय नाही. इंजिनाखाली आधीच पाणी साचलेले असते, त्यात डिझेल-ऑइलचा तवंग असतो आणि त्यात पडलेला हिरवा किंवा गुलाबी थेंब कळतही नाही. एक्स्चेंजरमधून गेलेले कूलंट तर तळातही पडत नाही, सरळ समुद्रात जाते.

पेलाभर कूलंट कमी झाल्याने काय बिघडते?

पाण्याचा एक थेंब साधारण ०.०५ मिलिलिटरचा धरला आणि दर सेकंदाला एक थेंब पडतो असे मानले, तर तासाला १८० मिलिलिटर होतात. इंजिन चोवीस तास चालले तर ४ लिटरच्या वर. टाकीसह इंजिनात २५ लिटर कूलंट असेल, तर तीन-चार दिवसांच्या फेरीत निम्मे संपलेले असते.

त्याहून मोठे नुकसान दाबाचे. टाकीचे झाकण हे नुसते झाकण नसते. त्यातील स्प्रिंग बंद मार्गात दाब धरून ठेवते, साधारण अर्धा ते एक बार. आकडा झाकणावर छापलेला असतो. उघड्या भांड्यात पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते, पण एक बारचा जादा दाब असेल तर १२० अंशांच्या आसपास. घरातला कुकर ज्या तत्त्वावर चालतो तेच हे. सिलिंडर हेडमध्ये काही जागा इतक्या तापतात की दाब नसेल तर तिथे पाणी उकळू लागते. धातूला लागून वाफेचा थर तयार होतो आणि वाफ उष्णता नेण्यात पाण्यापेक्षा फारच कमजोर असते. हेड तिथेच वाकते किंवा तडकते. म्हणजे बारीक छिद्रातून कूलंट थोडेच जात असले, तरी इंजिन थांबेपर्यंत दाब टिकत नसेल तर धोका पूर्ण असतो.

त्यात तापमानाचा काटा फसवतो. काट्याचा सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असेल तरच खरे तापमान सांगतो. पातळी सेन्सरच्या खाली गेली की तो हवेत किंवा वाफेत उघडा पडतो आणि काटा चढण्याऐवजी स्थिर राहू शकतो, कधी खालीही येतो. तांडेलाला वाटते, इंजिन आज छान थंड चालले आहे.

गळती खरीच आहे का, हे आधी कसे ठरवायचे?

कमी झालेले प्रत्येक कूलंट गळालेले नसते. थंड मिश्रण चालू इंजिनाच्या तापमानाला गेले की तीन ते चार टक्क्यांनी फुगते. २५ लिटर असेल तर पाऊण ते एक लिटर. टाकी काठोकाठ भरली असेल तर हा वाढीव लिटर ओव्हरफ्लोच्या नळीतून बाहेर जातो आणि दुसऱ्या दिवशी पातळी खाली दिसते. पुन्हा काठोकाठ भरले की पुन्हा बाहेर. गळती नसलेल्या इंजिनात हा खेळ वर्षभर चालू शकतो.

म्हणून पहिले काम पाना हातात घेण्याचे नाही. इंजिन पूर्ण थंड असताना टाकीत योग्य पातळीपर्यंत भरावे, तिथे टेप किंवा मार्करने खूण करावी आणि त्यानंतर रोज त्याच वेळी, थंड इंजिनावर पातळी पाहावी. किती टाकले ते मापाच्या बाटलीने मोजून, इंजिन किती तास चालले त्यासह वहीत लिहावे. ‘रोज तांब्याभर’ हे माप निरुपयोगी आहे, कारण एक दिवस इंजिन चार तास चालते आणि दुसऱ्या दिवशी अठरा. तासाला किती मिलिलिटर, हा आकडा हवा. तो दर फेरीला वाढत असेल तर गळती वाढते आहे.

दुसरे काम त्याहून सोपे. ओव्हरफ्लोची नळी बहुतेक वेळा थेट तळात सोडलेली असते. तिच्या टोकाला पाण्याची रिकामी बाटली बांधावी, पण बाटलीचे तोंड हवाबंद करू नये. बाटली कोरडी राहिली आणि कूलंट तरीही कमी झाले, तर गळती दुसरीकडे आहे. बाटली भरली तर टाकी जास्त भरली जाते आहे, झाकणाचा स्प्रिंग मेला आहे किंवा सिलिंडरमधील वायू कूलंटमध्ये शिरून त्याला बाहेर ढकलतो आहे. यातले पहिले कारण फुकटात सुटते, दुसरे नव्या झाकणात. तरीही झाकणाकडे संशयाने पाहणारे कमी, आणि हेड उघडायला सांगणारे जास्त.

बाहेरची गळती कशी दिसते?

तळातले पाणी उपसून इंजिनाखालची जागा पुसून कोरडी करायची आणि तिथे जुनी वर्तमानपत्रे पसरायची. कोणत्या पानावर, कोणत्या कोपऱ्यात ओल आली त्यावरून वरचा भाग ओळखता येतो. पण थेंब जिथे पडतो तिथेच गळती असते असे नाही. पाणी होज पाइपाच्या पोटावरून, बोल्टवरून, वायरवरून सरकत जाते आणि सर्वांत खालच्या टोकाशी सुटते. ओल दिसली की तिथून वर वर जात शोधायचे.

तापलेल्या भागावर गळती असेल तर थेंब पडतच नाही, तो जागीच वाळतो. मागे राहतो तो रंगीत किंवा पांढुरका थर. सांध्याभोवती असा थर दिसला तर तो खरवडून, पुसून, पुन्हा इंजिन चालवून तो नव्याने धरतो का ते पाहावे. समुद्राच्या पाण्याची गळती असेल तर मिठाचे पांढरे खडे जमतात. दोन्हींतला फरक ओळखायला काही जण बोट लावून चव पाहतात. हे अजिबात करू नये. कूलंटमधील इथिलिन ग्लायकॉल चवीला गोड आणि पोटात गेल्यास घातक असते. बोटांत चोळून पाहिले तरी पुरते : कूलंट किंचित बुळबुळीत लागते.

कूलंट फिरवणाऱ्या पंपाच्या बॉडीला खालच्या बाजूने एक छोटे छिद्र ठेवलेले असते. आतील सील झिजले की पाणी बेअरिंगमध्ये न जाता या छिद्रातून बाहेर यावे, अशी ती योजना. तिथे जुना वाळका डाग असेल तर घाबरण्याचे कारण नाही. थेंब येत असेल तर पंप बदलायला आला आहे. हे छिद्र एम-सीलने बुजवणारे महाभाग आहेत. छिद्र बुजले की पाणी बेअरिंगकडे जाते आणि सीलच्या किमतीत सुटणारे काम पूर्ण पंपावर जाते.

आता तो ‘कधी’चा प्रश्न. चालू इंजिनाखाली कागद कोरडा राहतो आणि रात्रभर बोट उभी राहिल्यावर सकाळी ओला मिळतो, तर क्लिपांवर आधी संशय घ्यावा. तापल्यावर रबर आणि धातू फुगून सांधा घट्ट बसतो, थंड झाल्यावर आकसून सैल होतो. उलट, फक्त भार असताना तास-दोन तासांनी जाणारे कूलंट झाकण, एक्स्चेंजर किंवा हेड यांच्याकडे बोट दाखवते.

दाब देऊन तपासणी कशी होते?

मोटारीच्या गॅरेजमध्ये रेडिएटर तपासायला छोटा हातपंप असतो. त्याला गेज जोडलेला असतो आणि तो टाकीच्या तोंडावर झाकणासारखा बसतो. बोटीलाही तोच चालतो, फक्त तोंडाच्या मापाचे अडॅप्टर हवे. इंजिन थंड असताना झाकणावर छापलेल्या आकड्याइतकाच दाब द्यायचा, त्याहून जास्त नाही. पंधरा मिनिटे काटा हलला नाही तर निदान थंड अवस्थेत तरी गळती नाही. काटा उतरला तर टॉर्च घेऊन शोधायचे. इंजिन बंद असल्याने आवाज नसतो, त्यामुळे बारीक फुसफूसही ऐकू येते. झाकण स्वतंत्रपणे त्याच पंपावर तपासता येते.

या तपासणीचा खरा उपयोग काटा उतरतो आणि बाहेर कुठेच ओल दिसत नाही, तेव्हा होतो. त्याचा अर्थ कूलंट आत जाते आहे. आत म्हणजे तीन ठिकाणी : समुद्राच्या पाण्यात, ऑइलमध्ये किंवा सिलिंडरमध्ये.

इंजिन कोरडे असेल तर कूलंट जाते कुठे?

बोटीत पहिला संशयित हीट एक्स्चेंजर. त्याच्या नळ्या एका बाजूने खाऱ्या पाण्यात असतात. धातूची झीज नळ्यांऐवजी आपल्यावर घेण्यासाठी अनेक एक्स्चेंजरमध्ये जस्ताची कांडी बसवतात. ती संपली आणि कोणी बदलली नाही, की पुढची झीज एक्स्चेंजरचीच. नळीला सुईच्या टोकाएवढे छिद्र पडले तरी पुरते.

छिद्रातून कोणते पाणी कोणत्या बाजूला जाईल हे दाबावर ठरते. तापलेल्या इंजिनात कूलंटचा दाब सहसा समुद्राच्या पाण्याच्या दाबापेक्षा जास्त असतो. त्यामुळे कूलंट खाऱ्या पाण्यात मिसळून बाहेर पडते. कागद कोरडा, ऑइल स्वच्छ, बाटली रिकामी आणि तरी पातळी खाली. पण झाकण दाब धरत नसेल, किंवा इंजिन नुकतेच सुरू झाले असेल, तर पंपाचा दाब वरचढ ठरतो आणि खारे पाणी कूलंटमध्ये शिरते. कधी सकाळी पातळी खुणेच्या वर दिसते. अशा वेळी ‘आज पाणी घालावे लागले नाही’ म्हणून खूश होणे महागात पडते. वाढलेली पातळी कमी झालेल्या पातळीपेक्षा वाईट, कारण मीठ आता इंजिनात फिरते आहे. कूलंटमधील क्लोराइड तपासण्याच्या पट्ट्या मिळतात, शंका असेल तर त्या वापराव्यात.

खात्री करण्यासाठी आधी समुद्राचे पाणी आत घेणारा व्हॉल्व बंद करायचा. हे विसरून एक्स्चेंजर उघडला तर बोटीत पाणी भरते. व्हॉल्व बंद केला की स्टार्टरच्या चावीला चिठ्ठी बांधून ठेवावी, नाहीतर तो न उघडताच इंजिन सुरू होते आणि पंपातील रबरी इम्पेलर कोरडा फिरून जळतो. मग एक्स्चेंजरच्या खाऱ्या पाण्याच्या बाजूचे झाकण काढायचे, नळ्यांची तोंडे पुसायची आणि कूलंटच्या बाजूला हातपंपाने दाब द्यायचा. ज्या नळीच्या तोंडातून थेंब आला ती नळी फुटकी. रचना वेगळी असल्याने तोंडे दिसत नसतील तर एक्स्चेंजर सोडवून, तोंडे बंद करून, पाण्याच्या पिंपात बुडवून हलका हवेचा दाब दिला की बुडबुडे जागा सांगतात. कील कूलिंगचे पाइप मात्र बोट वर ओढल्याशिवाय नीट पाहता येत नाहीत. इंजिनापासून ते वेगळे करून त्यांच्यावर दाब द्यायचा, आणि तो उतरला तर बोट ओढायची तयारी करायची.

दुसरा संशयित ऑइल कूलर. चालू इंजिनात ऑइलचा दाब कूलंटपेक्षा बराच जास्त असतो, म्हणून ऑइल कूलंटमध्ये येते आणि टाकीत काळपट तवंग दिसतो. इंजिन बंद केल्यावर ऑइलचा दाब शून्य होतो, पण तापलेल्या कूलंटचा दाब अजून टिकून असतो. मग कूलंट ऑइलमध्ये जाते. डिपस्टिकवर दुधाळ, चहाच्या सायीसारखे ऑइल दिसले किंवा ऑइलची पातळी आपोआप वाढली, तर इंजिन सुरूच करू नये. पाणी मिसळलेले ऑइल बेअरिंग वाचवत नाही.

ऑइलमध्ये पाणी येण्याचे एक कारण लाइनरही असू शकते. डिझेल इंजिनात लाइनर प्रत्येक स्फोटागणिक कंप पावतो, त्याच्या बाहेरच्या अंगाला कूलंटमध्ये अतिसूक्ष्म बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि ते धातूचे कण उडवतात. कालांतराने लाइनरला आरपार छिद्र पडते. कूलंटमधील रसायने लाइनरवर संरक्षक थर धरतात, म्हणूनच थंडी न पडणाऱ्या कोकणातही नुसते पाणी चालत नाही. रोज तांब्याभर साधे पाणी टाकत राहिले की ही रसायने पातळ होत जातात आणि लहान गळतीतून मोठी गळती जन्माला येते.

तिसरा संशयित हेड गॅसकेट किंवा तडकलेले हेड. थंड इंजिन सुरू करून एक-दोन मिनिटांतच वरचा होज पाइप दगडासारखा कडक झाला, तर तो दाब उष्णतेचा नाही, सिलिंडरमधील वायूचा आहे. टाकीत सतत बुडबुडे येणे हीदेखील त्याचीच खूण. गॅरेजमध्ये निळ्या द्रवाची नळी टाकीच्या तोंडावर धरून तिथली हवा त्यातून ओढतात. कार्बन डायऑक्साइड असेल तर निळा रंग पिवळा होतो. डिझेल इंजिनात ही चाचणी भार देऊन केलेली बरी, कारण रिकाम्या चालण्यात गॅसकेट तग धरू शकते. पांढऱ्या धुरावर मात्र विसंबू नये. ज्या बोटींचा धूर समुद्राच्या पाण्यासोबत मागून बाहेर पडतो, तिथे वाफ तशीही दिसते.

सिलिंडरमध्ये रात्रभर कूलंट झिरपून साचले असेल तर सकाळचा पहिला स्टार्टर घातक ठरतो. पाणी दाबले जात नाही, पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. संशय असेल तर इंजेक्टर काढून इंजिन आधी हाताने फिरवून पाहावे.

हळद, पावडर आणि इतर उपाय?

रेडिएटर गळू लागला की त्यात हळद टाकायची, हा ट्रकवाल्यांचा जुना उपाय. बाजारातील गळती बुजवणाऱ्या पावडरी आणि द्रव त्याच तत्त्वावर चालतात : कण छिद्रात अडकतात. पण कणांना छिद्र आणि एक्स्चेंजरची बारीक वाट यांतला फरक कळत नाही. गळती थांबते आणि इंजिन तापू लागते. पुढे मेकॅनिकला दोन दुखणी एकदम शोधावी लागतात. बंदरापर्यंत पोहोचण्यासाठी दुसरा मार्गच नसेल तेव्हाची गोष्ट वेगळी.

समुद्रातच पातळी घसरू लागली तर?

सर्वप्रथम इंजिनावरचा भार कमी करावा. जाळे ओढताना भार सर्वाधिक असतो. गरम इंजिनाचे झाकण उघडू नये. दाब सुटताच आतील पाणी क्षणात उकळून तोंडावर उडते. इंजिन बंद करून होज पाइप हाताला मऊ आणि कोमट लागेपर्यंत थांबावे, मग जाड फडक्याने झाकण हळूहळू सोडावे. पाणी पिण्याचेच घालावे आणि थोडे थोडे घालावे, तापलेल्या हेडवर थंड पाण्याचा लोट पडला तर ते तडकू शकते. समुद्राचे पाणी अगदीच नाइलाज असेल तरच, आणि तसे केले असेल तर बंदरात आल्याबरोबर गोड्या पाण्याने अनेकदा धुऊन काढावे. दर अर्ध्या तासाला किती पाणी लागते आणि बंदर किती तासांवर आहे, हा हिशेब वेळीच मांडावा. पिण्याचे पाणी खलाशांनाही लागते. हिशेब जुळत नसेल तर इंजिन बंद पडण्याची वाट न पाहता व्हीएचएफच्या १६ क्रमांकाच्या चॅनेलवर आसपासच्या बोटींना कळवावे. मोबाइलला रेंज असेल तर तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक आहे.

दुरुस्तीनंतर पातळी पुन्हा खाली गेली तर?

पहिल्या फेरीत ती जातेच. नवीन कूलंट भरताना हेडमध्ये आणि वरच्या पाइपांत हवा अडकते आणि इंजिन चालले की ती टाकीतून बाहेर येते. तेवढी जागा कूलंट भरून काढते. हवा काढण्याचा स्क्रू असेल तर तो सोडून सलग धार येईपर्यंत भरावे, थर्मोस्टॅट उघडेपर्यंत इंजिन चालवावे, थंड करावे आणि मग नवी खूण करावी. जुनी खूण पुसून टाकलेली बरी. दुसऱ्या फेरीपासून वहीत शून्य लिहिता आले पाहिजे.